झेरॉक्सवाल्याचं डाउनलोड्स फोल्डर

"लपवण्यासारखं काही नसेल तर आधारची कॉपी द्यायला कसली भीती?" असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही.

परवा कोथरूडमध्ये एका दुकानात प्रिंट काढायला गेलो. पीडीएफ मेल केली, मालकाने डाउनलोड्स फोल्डर उघडलं, तर माझ्या आधीच्या चार-पाच जणांची आधार कार्डं, एकाचं भाडेकरारपत्र, सगळं नावानिशी समोर! मी "माझी फाइल डिलीट करा" म्हटल्यावर त्याने मीच चोर असल्यासारखं पाहिलं. (रिसायकल बिनसुद्धा रिकामी करायला लावली, पुणेकर आहे शेवटी.)

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने नेमकं हेच सांगितलं होतं, झेरॉक्स कुणालाही देऊ नका म्हणून. गदारोळ झाल्यावर दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. सल्ला मात्र चुकीचा नव्हता.

मास्क्ड आधार प्राधिकरणाच्याच साइटवरून फुकट मिळतं. १२ पैकी शेवटचे ४ आकडे फक्त दिसतात. फ्लॅटच्या एजंटला मी तेच पाठवलं. तो म्हणाला, "साहेब, यात पूर्ण नंबर दिसत नाहीये." म्हटलं, म्हणूनच पाठवलंय.