पहिलीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर न्यायचे का?

बी-२०४ : आजच्या पालकसभेला आपल्या सोसायटीतली मी एकटीच होते, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. पुढच्या वर्षी पहिलीची एक तुकडी वाढतेय, त्यामुळे शाळेने खोल्यांची अदलाबदल ठरवली आहे. तळमजल्यावर दर्शनी बाजूला तीन खोल्या आहेत, पहिलीच्या दोन आणि चित्रकलेची एक. तिथे ऑफिस, कॉम्प्युटर लॅब आणि स्टाफरूम येणार. पहिलीच्या तिन्ही तुकड्या दुसऱ्या मजल्यावर, आत्ता चौथी आणि लॅब आहे तिथे. चौथी खाली मागच्या दोन खोल्यांत, मैदानाला लागून. वाचनालयाच्या खोलीत चित्रकला, आणि पुस्तकं कपाटांत घालून व्हरांड्यात. हरकती शुक्रवारपर्यंत लेखी द्यायच्या आहेत.

सी-१०१ : पहिली दुसऱ्या मजल्यावर? सहा वर्षांची पोरं दप्तर घेऊन रोज दोन जिने चढणार?

सी-१०१ : आणि लहान मुलांची शाळेतली स्वच्छतागृहं तळमजल्यावर आहेत ना?

बी-२०४ : हो. कमी उंचीची फक्त खालीच आहेत. मी विचारलं, तर म्हणाले मावशी सोबत जातील.

डी-३०१ : वरच्या खोल्या मोठ्या आहेत पण. नवा रंग देणार, चारही भिंतींवर चित्रं काढणार असं ऐकलं. मुलांना आवडेल.

सेक्रेटरी : हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे, पण आपल्या बऱ्याच घरांतली मुलं याच शाळेत जातात, त्यामुळे चर्चा इथेच होऊ द्या. फक्त इकडचेतिकडचे फॉरवर्ड टाकू नका.

ए-४०३ : माझा मुलगा चौथीत जाईल. काहींना माहीत आहे, तो दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. यंत्र आवाज मोठा करतं, पण बाईंचा आवाज तेवढा निवडून काढत नाही. मैदानावरची शिट्टी, आरडाओरडा, पंखा, बाक सरकवल्याचा आवाज, सगळंच मोठं होऊन येतं. गेल्या वर्षी मैदानाकडच्या खोलीत त्याचे दोन आठवडे वर्ग भरले होते. घरी आला की यंत्रं काढून ठेवायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. दुसऱ्या मजल्यावर तो मजेत आहे. मला हे सभेत सगळ्यांसमोर बोलायला जड जातं, म्हणून इथे लिहितेय.

बी-२०४ : बरं झालं लिहिलंत ताई. हे पत्रात गेलंच पाहिजे. नाव न घालता.

बी-५०२ : शाळेची बाजूही बघूया. खोल्या वाढत नाहीत, मुलं वाढतायत. ऑफिस पहिल्या मजल्यावर असल्यामुळे आजी-आजोबांना दाखल्यासाठी जिना चढावा लागतो, ही तक्रार आपणच केली होती. आणि खरं सांगायचं तर शिक्षक चांगला असला की खोली कुठलीही चालते.

ए-१०२ (बाई) : मी जेवायच्या आधीपासून वाचतेय. थोडं मोठं लिहिते, सांभाळून घ्या. ३१ वर्षं पहिली-दुसरी शिकवली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

बी-५०२, तुम्ही शिक्षकावर भरवसा ठेवता याचं बरं वाटतं. पण खोलीचा फरक पडतो. ब्रिटनमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २७ प्राथमिक शाळा, १५३ वर्ग, ३,७६६ मुलं. मुलामुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला १६ टक्के वर्गखोलीशी जोडलेला निघाला : उजेड, हवा, तापमान, बसायची सोय, भिंतींवरची गर्दी. इमारत किती भव्य आहे यापेक्षा मूल रोज ज्या खोलीत बसतं ती कशी आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

आता आवाजाचं. जिने आणि स्वच्छतागृह सगळ्यांना दिसतं, आवाज दिसत नाही, म्हणून खोल्या ठरवताना तो सुटतो. आपल्याला वाक्यातला एखादा शब्द ऐकू आला नाही तर आपण तो अंदाजाने भरतो, कारण तो शब्द आपल्याकडे आधीपासून असतो. पहिलीच्या मुलाकडे तो नसतो. तो शब्द शिकायलाच तर ते आलेलं असतं. गलक्यातून एकच आवाज वेगळा काढायची क्षमता पार किशोरवयापर्यंत वाढत राहते. त्यात आपल्या भाषेत दार आणि धार, ताट आणि थाट, पळ आणि फळ यांत फरक असतो तो एका श्वासाचा. तो श्वास गोंगाटात सगळ्यात आधी बुडतो. मग मूल वहीत ‘धार’च्या जागी ‘दार’ लिहितं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. मी स्वतः कितीतरी मुलांना असं म्हटलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलंय की तास चालू असताना वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि खोली घुमण्याचा काळ, म्हणजे बोलणं थांबल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदाच्या आसपास असावा. मोठी, रिकाम्या भिंतींची, गुळगुळीत फरशीची खोली यापेक्षा जास्त घुमते. म्हणून वरच्या खोल्या मोठ्या आहेत हा काही फायदा नाही. बाईंपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. शेवटच्या बाकावर पोचतो तो बराचसा घुमाराच.

सी-१०१ : बाई, दार-धारचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे रोज हेच चालू आहे.

डी-३०१ : आणि चित्रं? ती तरी चांगली ना?

ए-१०२ (बाई) : थोडी असावीत, मुलांनी स्वतः काढलेली. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात बालवाडीच्या वयाच्या २४ मुलांना विज्ञानाचे काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. प्रयोग लहान आहे, पण पहिली शिकवलेली कुठलीही बाई हेच सांगेल. फळ्याची भिंत मोकळी सोडा, चित्रं मुलांच्या पाठीमागे लावा. रंगाचे पैसे वाचले तर मऊ बोर्ड आणि पडदे घ्या, खोली कमी घुमेल. बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या तरी फरक कळतो.

बी-५०२ : पटलं. पण मग पर्याय काय द्यायचा? नुसती हरकत दिली तर ‘विचार करू’ म्हणतील.

बी-२०४ : सभेत दाखवलेला नकाशा माझ्याकडे आहे. आत्ता पुन्हा बघितला. नवी तुकडी एकच आहे, म्हणजे शाळेला खरी गरज एका खोलीची आहे. त्यासाठी जवळजवळ सगळी शाळा हलतेय.

बी-२०४ : मागच्या बाजूला मैदानाकडे क्रीडासाहित्य आणि भांडार अशा दोन खोल्या आहेत. भांडारात काय असतं बाई?

ए-१०२ (बाई) : माझ्या वेळी मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिका होत्या.

बी-५०२ : मग ऑफिस भांडाराच्या खोलीत आणा. तळमजलाही झाला, आणि मैदानाचा आवाज ऑफिसला सोसेल. ऑफिसची पहिल्या मजल्यावरची खोली चित्रकलेला. चित्रकलेची खालची दर्शनी खोली पहिलीच्या नव्या तुकडीला. पहिलीच्या बाकी दोन जागच्या जागी.

ए-४०३ : आणि चौथी वरच राहील?

बी-५०२ : चौथी वरच, लॅब वरच, वाचनालयही आहे तिथेच.

ए-१०२ (बाई) : हे उत्तम आहे. वाचनालय वाचलं याचा मला सगळ्यात आनंद. व्हरांड्यातल्या कपाटाला कुलूप लागतं आणि ते वर्षभर उघडत नाही, हे मी पाहिलंय. शिवाय व्हरांडा ही मुलांची बाहेर पडायची वाट आहे, तिथे कपाटं नकोतच. स्टाफरूम खाली येणार नाही एवढंच, तेवढं शिक्षक समजून घेतील.

एक गोष्ट मात्र राहते. चित्रकलेच्या खोलीतले बाक मोठ्या मुलांचे आहेत. नव्या तुकडीला तिथे तसंच बसवलं तर पाय लोंबकळतील. टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि लिहिताना खांदे वर उचलले जाता कामा नयेत. पाय टेकले नाहीत की मूल पुढे सरकून बसतं, मग पाठ वाकते, मग दहा मिनिटांत चुळबुळ. खिडक्यांचंही बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. डाव्या हाताने लिहिणारी दोन-तीन मुलं असतातच, त्यांना बाकाच्या डाव्या बाजूला बसवायचं, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही.

सी-१०१ : पत्रात बाकांची मापंच देऊया का? आत्ताच्या पहिलीच्या बाकांची आणि चित्रकलेच्या, दोन्ही.

सेक्रेटरी : पत्राचा मसुदा बी-२०४ करतील का? सह्यांसाठी कागद मी वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. सोसायटीच्या लेटरहेडवर नको, पालक म्हणून द्या.

बी-२०४ : करते. आधी ए-४०३ ताईंचा मुद्दा, मग पहिलीचे जिने आणि स्वच्छतागृह, मग खोल्यांचा पर्याय. बाई, आवाजाचा भाग तुम्ही तपासाल ना?

ए-१०२ (बाई) : तपासते. आणि ए-४०३, चौथी वर राहिली तरी मुलाला दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून आणि पंख्यापासून दूर बसवायला सांग. सगळ्यात पुढचा बाक नको, मागून प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे त्याला दिसत नाहीत. बाई गळ्यात अडकवतात तो माइक श्रवणयंत्राला जोडता येतो, तेही शाळेशी बोल. मी येईन सोबत.

ए-४०३ : याल बाई? खूप आधार वाटला.

बी-५०२ : उद्या शाळा सुटल्यावर मापं घ्यायला परवानगी मिळते का, मी सकाळी फोन करून विचारतो. टेप कोणाकडे आहे?

डी-३०१ : माझ्याकडे आहे, पाच मीटरची. मीही येते. चित्रकलेच्या खोलीत टाळी वाजवून किती घुमतं तेही बघू.