प्रति: नुसता धीर देऊन भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की एचआयव्ही झालेल्याला धीर द्यावा, बाकी औषध बघून घेईल. निम्मंच पटलं. सरकारी एआरटी केंद्रांत (एचआयव्हीला रोखणारी औषधं देणारी केंद्रं) २००४पासून गोळ्या मोफत मिळतात, २०१७पासून सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचं धोरण आहे. पण गोळ्या चालू असूनही माझा मावसभाऊ पुढच्या वर्षाचं काही बोलायचाच नाही. केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी धीरबीर काही दिला नाही. "लेक दहावीला कधी?" एवढंच विचारलं. त्यानं बोटांवर मोजलं, अकरा वर्षं. "मग फीचं काय ठरवलंय?" पुढच्या खेपेला गडी पीपीएफचं पासबुक घेऊन हजर, पंधरा वर्षांच्या मुदतीचं!

आणि इथे कुणीच न लिहिलेली गोष्ट: औषध नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा साठा, तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तरुण रुग्णांना हे आधी सांगा. लग्नाचा विषय त्यांनी मनातून काढूनच टाकलेला असतो, आणि आपणहून विचारायला लाजतात.