टास्मानियातली पाहुणी निलगिरी आणि घरची निलगिरी: मिश्र रोपं उपटावीत का?

होबार्टकर
ऑस्ट्रेलियात निलगिरी परकी कशी, असं कोणी तरी विचारणारच. इथे निलगिरीच्या शेकडो जाती आहेत, टास्मानियाच्या स्वतःच्या तीसेक. ऊटीच्या डोंगरांत १९व्या शतकात लावलेली ब्लू गम इथलीच. पण कागदाच्या लगद्यासाठी इथे लावतात ती 'नायटेन्स' व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांतून आणलेली. ब्लू गमपेक्षा ती थंडीला काटक. टास्मानियात निलगिरीची लागवड आता दोन लाख हेक्टरांच्या आसपास आहे आणि त्यात बहुतेक हीच.

रविवारी आम्ही काही जण एका ओढ्याकाठी तण काढत होतो. तिथे ब्लॅक गमची (ओवाटा) वीसेक जुनी झाडं आहेत. ओवाटाच्या रोपाचं पान हिरवं, देठ असलेलं. नायटेन्सच्या रोपाचं निळसर-पांढुरकं, बिनदेठाचं, समोरासमोर खोडाला बिलगलेलं. आणि मधेच तीन रोपं धड हे ना ते: देठ नावापुरता, रंग राखाडी. कुंपणापलीकडे नायटेन्सची लागवड. मी तिन्ही उपटली. माझ्या मते तेच बरोबर.

शंकासुर
निलगिरीच्या जाती आपसांत मिसळतातच, त्यात नवं काय? हिमयुगात बास सामुद्रधुनी कोरडी होती, टास्मानिया मुख्य भूमीला जोडलेला होता. आज मध्ये पाणी आहे म्हणून एक झाड घरचं आणि दुसरं घुसखोर? हवामान बदलतंय, नवे गुण कामी येतील. हे शुद्ध रक्ताचं वेड झाडांत तरी नको.

निफाडकर
वेड नाही हो. मी पांढऱ्या कांद्याचं बी धरतो. एका वर्षी शेजाऱ्याने लाल कांद्याचे डेंगळे (फुलांचे दांडे) धरले, बांधाला लागूनच. पुढच्या साली माझ्या पांढऱ्या वाफ्यात गुलाबी-लाल कांदे! मधमाशीला बांध कळत नाही. मी नवं बी आणलं, विषय संपला. त्या ओढ्याकाठी नवं बी कुठून आणणार?

रोपवाटिकावाली
सगळंच सगळ्यांत मिसळत नाही. निलगिरीचे मोठे गट आहेत आणि एका गटाचा दुसऱ्याशी संकर होत नाही. गट एकच असला तरी अडचणी येतात. ब्लू गमचं फूल मोठं, त्यातली स्त्रीकेसराची दांडी लांब. छोट्या फुलाच्या नायटेन्सची परागनळी (परागकणातून फुटून बीजांडाकडे वाढणारी नळी) तळापर्यंत पोचतच नाही. ओवाटाचं फूल छोटं, तिथे ती पोचते. तरीही फुलोरा जुळावा लागतो, आणि नायटेन्स फुलते उशिरा आणि कमी. संकराचं प्रमाण लागवडीपासून काहीशे मीटरांत झपाट्याने घसरतं. शिवाय मिश्र रोपं बरीचशी कमकुवत निघतात.

शंकासुर
मग झालंच की! कमकुवत आहेत तर आपोआप मरतील. उपटता कशाला?

होबार्टकर
कारण ते बी ओवाटाच्या कुशीतलं होतं. मिश्र रोप मेलं तरी एक शुद्ध बी वाया गेलंच. इकडे वीस झाडं, तिकडे हजारो. ओवाटाची रानं शेतीखाली गेली, उरलेल्या तुकड्यांना २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने 'अतिसंकटग्रस्त' यादीत घातलं. स्विफ्ट पॅरट नावाचा पोपट विणीच्या काळात ब्लू गम आणि ओवाटाच्या मधावर जगतो, तोही त्याच यादीत. मोठ्या जंगलात मी हे केलं नसतं.

बर्नीवाला
आमच्या घरची चूल याच लागवडीवर चालते. फॉरेस्ट प्रॅक्टिसेस अथॉरिटीचे (टास्मानियातल्या वनकामांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे) नियम आहेत, लागवडीआधी संकराचा धोका तपासावा लागतो. कडेचे पट्टे सोडा म्हणाल तर मान्य. पण नायटेन्सला खलनायक करू नका. लाकूड नकोय असं कोण म्हणतंय?

रोपवाटिकावाली
होबार्टकर, एक विचारू? ओवाटा आणि इथलीच आणखी एक निलगिरी व्हिमिनॅलिस यांचा नैसर्गिक संकर होतो, आणि व्हिमिनॅलिसच्या रोपालाही देठ नसतो. ब्लू गमचं रोपही निळसर, चौकोनी खोडाचं. तुमची तिन्ही रोपं नायटेन्सचीच कशावरून?

होबार्टकर
ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन ब्लू गम आहेत खऱ्या. दोन रोपांबद्दल खात्री आहे, तिसऱ्याबद्दल आता छातीठोकपणे नाही सांगता येत. फोटोही काढला नव्हता. पुढच्या रविवारी कुंड्या नेतो, शंकेची रोपं त्यांत वाढवून बघतो.