मदत हवी आहे : विद्यार्थ्याच्या लेखनात धर्मश्रद्धा आली तर गुण कसे द्यावेत?

नमस्कार. मी वसई परिसरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. प्रथम सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्या शिक्षककक्षात एक वाद निर्माण झाला आणि तो अजून मिटलेला नाही. द्वितीय सत्रापूर्वी भाषाविषयाच्या गुणदानाचे निकष लेखी स्वरूपात द्यावेत, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले आहे. ते लिहायला बसले, तेव्हा माझ्या स्वतःच्याच गुणदानात मला एक मोठी चूक आढळली. म्हणून येथील शिक्षक, परीक्षक आणि पालक यांचे साहाय्य मागत आहे.

प्रसंग असा आहे. नववीच्या लेखनकौशल्याच्या ८ गुणांच्या प्रश्नात ‘मनावर कोरला गेलेला प्रसंग’ असा विषय होता. आमच्याकडे सामवेदी ख्रिस्ती या वसईतील स्थानिक समाजाच्या कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी एका मुलाने आजीच्या शेवटच्या आजारपणाबद्दल लिहिले. घरातील सगळे रात्री एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करत असत. आजी रुग्णालयात गेल्यावर त्या वेळेला घरात कोणालाच काय बोलावे ते सुचेना, आणि शेवटी या मुलाने स्वतः प्रार्थना सुरू केली, असा तो प्रसंग आहे. त्यातील एक वाक्य मी विसरू शकत नाही : ‘सलाईन लावलेल्या हाताचीसुद्धा बोटे चादरीवर सरकत होती, कारण आजीला मणी मोजल्याशिवाय झोप येत नव्हती.’ लेखाच्या शेवटी त्याने प्रभू येशूचे आभार मानले आहेत, कारण आजी गेली तेव्हा तिला वेदना नव्हत्या. शुद्धलेखनाच्या चार चुका आणि मध्ये थोडे पाल्हाळ असल्याने मी ७ गुण दिले.

दुसऱ्या तुकडीचे मराठी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी फेरतपासणीत तेथे ४ गुण केले आणि समासात ‘धर्मप्रचारात्मक मजकूर टाळावा’ असा शेरा लिहिला. ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत, अतिशय प्रामाणिक आहेत आणि त्यांचा त्या मुलावर कोणताही राग नाही, हे मी आवर्जून सांगते. त्यांचे म्हणणे असे, की शाळा धर्मनिरपेक्ष आहे, त्यामुळे उत्तरपत्रिकेत कोणत्याच देवाची आळवणी येऊ नये. एकाला मुभा दिली, तर उद्या प्रत्येक जण परीक्षकाच्या श्रद्धेला हात घालून गुण मिळवू पाहील.

त्यांच्या या शेवटच्या वाक्यामुळे मी माझा स्वतःचा गठ्ठा पुन्हा काढला. त्याच प्रश्नावर एका मुलीने पंढरीच्या वारीबद्दल लिहिले होते. ‘टाळ-मृदंगाचा गजर’, ‘भक्तीचा महापूर’, ‘अवघी पंढरी दुमदुमली’ या ठरावीक शब्दांपलीकडे त्यात काहीही नव्हते. ती स्वतः वारीला गेली होती की नाही, हेसुद्धा कळत नव्हते, आणि प्रसंग असा एकही नव्हता. तेथेही मी ७ गुण दिले होते, आणि सहकाऱ्यांनी ते ७ तसेच ठेवले होते. त्या लेखात विठ्ठलाची आळवणी दोन ठिकाणी आहे. ती आम्हा दोघांनाही धर्म वाटली नाही, संस्कृती वाटली.

हे लक्षात आल्यापासून मी अस्वस्थ आहे. गुण कापण्यातला अन्याय डोळ्यांना दिसतो, त्यावर वाद तरी होतो. परंतु ओळखीच्या श्रद्धेला नकळत वाढवून दिलेले गुण कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर मी संविधान पुन्हा वाचले. कलम २८ संस्थेने धार्मिक शिक्षण देण्याविषयी आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेत ते देता येत नाही, आणि आमच्यासारख्या अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ही बंधने संस्थेवर आहेत. विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना देवाचे नाव घेऊ नये, असे त्यातून निघत नाही, अशी माझी समजूत आहे. शिवाय ज्या भाषेच्या पाठ्यपुस्तकांत आपण ‘संतवाणी’ शिकवतो आणि जिच्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापले गेलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, त्या भाषेच्या परीक्षेत प्रार्थना हा विषयच निषिद्ध ठरवणे मला पटत नाही.

मात्र दुसरी बाजूही माझ्यासमोर आहे. आमच्या विज्ञानशिक्षकांनी ग्रहणावर प्रकल्प दिला होता. एका विद्यार्थ्याने सूर्य, चंद्र व पृथ्वी यांची आकृती अचूक काढली, प्रच्छाया व उपच्छाया व्यवस्थित दाखवल्या आणि शेवटी लिहिले, की आमच्या घरी ग्रहणात जेवत नाहीत व ग्रहण सुटल्यावर स्नान करतात. दुसऱ्याने लिहिले, की ग्रहणकाळात अन्न विषारी होते. सरांनी दोघांचेही सारखेच गुण कापले. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कलम ५१क (ज) प्रमाणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, आणि सरांची त्यामागची कळकळ मला मान्य आहे. तरीही ही दोन्ही वाक्ये एकाच तराजूत घालावीत का, याविषयी माझ्या मनात शंका आहे.

माझे प्रश्न असे आहेत. लेखनात श्रद्धा आली असता ती बाजूला ठेवून गुण देण्याची, प्रत्यक्ष वर्गात वापरता येईल अशी एखादी रीत आहे का? विज्ञानाच्या उत्तरात रेघ कोठे ओढावी? आणि त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवरील शेऱ्याचे आता काय करावे? उत्तरपत्रिका मुलांना दाखवून झाल्या आहेत आणि त्याने तो शेरा वाचला आहे.

प्रतिसाद १

बाई, मी न्यू जर्सीत राहते. माझी दोन्ही मुले येथील सरकारी शाळेत शिकतात आणि रविवारी मी मराठी शाळेत शिकवते. येथे हा प्रश्न बराच जुना आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९९५ पासून याविषयी वेळोवेळी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा गाभा असा, की विद्यार्थ्याला गृहपाठात, चित्रांत, तोंडी व लेखी कामात आपली श्रद्धा व्यक्त करता येते, आणि त्या कामाचे मूल्यमापन आशय व विषयाशी सुसंगती या नेहमीच्याच शैक्षणिक कसोट्यांवर व्हावे. २००३ च्या सूचनांत एक नेमके उदाहरण आहे : कविता लिहायला सांगितली आणि विद्यार्थ्याने प्रार्थनेच्या रूपात कविता लिहिली, तर ती वाङ्मयीन गुणवत्तेवर तपासावी. धार्मिक आशयासाठी गुण कापू नयेत आणि वाढवूही नयेत. तुम्हाला वारीच्या निबंधात जे आढळले, ते या ‘वाढवूही नयेत’मध्ये येते.

याचा अर्थ शिक्षकाचे हात बांधले आहेत, असा मात्र नाही. टेनेसी राज्यात नववीच्या एका विद्यार्थिनीने संशोधनपर निबंधासाठी दुसरा विषय मंजूर करून घेतला होता, आणि ऐनवेळी परवानगी न घेता येशूच्या जीवनावर निबंध दिला. शिक्षिकेने शून्य गुण दिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने निकाल शिक्षिकेच्या बाजूने दिला. शिक्षिकेने सांगितलेली सगळीच कारणे मला पटत नाहीत. परंतु विषय आधी मंजूर करून घेणे आणि मुलीला आधीपासून ठाऊक नसलेल्या विषयाचा अभ्यास करणे, या अटी कोणत्याही विषयाला लागू होणाऱ्या होत्या. तुमच्या विद्यार्थ्याने अशी कोणती अट मोडली? प्रसंग लिहायला सांगितला होता आणि त्याने प्रसंग लिहिला.

प्रतिसाद २

मी निवृत्त शिक्षक आहे. मराठीच्या उत्तरपत्रिका अनेक वर्षे तपासल्या. मी एक साधी रीत वापरत असे. ज्या लेखात देव, सण किंवा तीर्थक्षेत्र आले असेल, तो मनातल्या मनात दुसऱ्या धर्माचे नाव घालून पुन्हा वाचायचा. वारीच्या जागी वेलंकनीची यात्रा किंवा अजमेरचा उरूस घाला आणि आपला आकडा हलतो का ते पाहा. आकडा हलला, तर तो आपला होता, मुलाचा नव्हता. सुरुवातीला मला याचा फार त्रास झाला, कारण आकडा अनेकदा हलत असे.

विज्ञानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ‘आमच्या घरी जेवत नाहीत’ हे घराचे वर्णन आहे व ते खरे आहे. ‘अन्न विषारी होते’ हे निसर्गाविषयीचे विधान आहे व ते चूक आहे. चुकीच्या विधानाचे गुण कापावेत, मग ते आजीकडून आलेले असो की मोबाइलवरून. पहिल्या मुलाचे गुण मात्र परत द्यावेत.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. सुचवलेल्या रीतीने मी माझा पूर्ण गठ्ठा पुन्हा वाचला. ४३ उत्तरपत्रिकांपैकी ५ ठिकाणी माझा आकडा हलला. वारीच्या निबंधाला आता मी ४ गुण देईन, आणि ते का, हे त्या मुलीला शेजारी बसवून समजावून सांगेन. वारीत तिने स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट तिला लिहायला सांगणार आहे. प्रसंगाची निवड, तपशील, मांडणी, भाषा आणि विषयाशी सुसंगती, एवढेच घटक मी निकषांत घेतले आहेत. श्रद्धेचा उल्लेख गुण देताना विचारात घेऊ नये, परंतु कोणत्याही व्यक्तीचा वा समाजाचा अवमान असल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्याशी स्वतंत्रपणे बोलावे, असे त्याखाली लिहिले आहे. सहकाऱ्यांना मसुदा दाखवला. त्यांनी वारीचा निबंध पुन्हा मागून घेतला, बराच वेळ वाचला आणि ७ वर रेघ मारून स्वतःच्या हाताने ४ लिहिले. आजीच्या लेखाचे गुण ते ७ करायला तयार आहेत. शेरा खोडण्याऐवजी त्याखाली नवा शेरा लिहावा, असे त्यांनी सुचवले आणि ते मला योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र अजून राहिली आहे. काल वर्गात ‘माझी आवडती वेळ’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. त्या मुलाने पाऊस, मातीचा सुगंध आणि गरम भजी यांवर लिहिले. एकही चूक नव्हती आणि एकही ओळ त्याची स्वतःची नव्हती. वही देताना त्याने हळूच विचारले, “बाई, यात काही काढायला पाहिजे का?” मी नाही म्हणाले आणि वही परत दिली. आठवीपासून मी त्याला शिकवते आहे, आणि त्याने असे पूर्वी कधीच विचारले नव्हते. अशा मुलाला पुन्हा मोकळेपणाने लिहिते करण्याचा कोणास अनुभव असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.