‘त्रिकास्थी’, ‘माकडहाड’ आणि ‘सॅक्रलायझेशन’

प्रश्न : आईच्या कंबरदुखीसाठी काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात ‘पाचव्या लंबर मणक्याचे सॅक्रलायझेशन’ अशी नोंद आहे. कोशात सॅक्रमसाठी ‘त्रिकास्थी’ हा शब्द मिळाला, पण घरी सगळे त्या हाडाला माकडहाडच म्हणतात. दोन्ही एकच का? आणि या नोंदीला मराठीत व्यंग म्हणावे, विकृती म्हणावे की आणखी काही?

प्रतिसाद : दोन्ही एक नव्हेत. माकडहाड म्हणजे कण्याच्या अगदी टोकाचे शेपटीवजा हाड. परिभाषेत त्याला अनुत्रिकास्थी म्हणतात. त्रिकास्थी त्याच्या वर, कमरेच्या दोन मोठ्या हाडांमध्ये पाचरीसारखी बसलेली असते. ‘त्रिक’ म्हणजे तिघांचा समूह. कणा आणि ही दोन हाडे जिथे एकत्र येतात ती जागा, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. अमरकोशात ‘पृष्ठवंशाधरे त्रिकम्’ असे आहे, म्हणजे कण्याच्या खालचा भाग तो त्रिक. हाड त्रिकोणी दिसते म्हणून हे नाव पडले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शब्दाच्या घडणीत ‘कोण’ कुठेच नाही. लॅटिन ‘सॅक्रम’चा अर्थ मात्र अगदीच निराळा, ‘पवित्र’ असा आहे.

ही त्रिकास्थी जन्मतः एकसंध नसते. तिचे पाच मणके पौगंडावस्थेनंतर हळूहळू सांधत जातात आणि साधारण पंचविशीच्या सुमारास त्यांचे एक हाड होते. समोरून पाहिल्यास त्यात नसा बाहेर पडण्यासाठी रंध्रांच्या चार जोड्या दिसतात. कमरेचा पाचवा मणका एका किंवा दोन्ही बाजूंनी त्रिकास्थीला जुळला तर ते सॅक्रलायझेशन, म्हणजे ‘त्रिकीकरण’. उलट त्रिकास्थीचा पहिलाच मणका सुटा राहिला तर त्याला ‘कटीकरण’ म्हणता येईल. ‘विकृती’ हा शब्द येथे टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. असे मणके असलेल्या अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. ‘रचनाभेद’ पुरेसा आहे. अर्धवट जुळलेल्या मणक्यामुळे कंबर दुखू शकते हे खरे. त्या दुखण्याला १९१७ साली त्याचे वर्णन करणाऱ्या बर्टोलॉटी या इटालियन डॉक्टरांचे नाव आहे. म्हणजे रचनाभेद वेगळा आणि त्यातून कधीमधी उद्भवणारे दुखणे वेगळे.

रचनाभेद निरुपद्रवी असला तरी त्याची नोंद मात्र व्हायलाच हवी. एमआरआयमध्ये केवळ कमरेचा भाग दिसत असेल आणि मणके खालून वर मोजले, तर चौथ्याला पाचवा समजून शस्त्रक्रिया चुकीच्या पातळीवर होण्याचा धोका असतो. म्हणून शंका असल्यास मोजणी मानेपासून खाली करतात.

दुसरा प्रतिसाद : वरील विवेचनात एका शब्दाची भर घालतो. त्रिकास्थीच्या मागच्या बाजूला, खालच्या टोकाशी, शेवटच्या मणक्याच्या कमानी मध्यभागी न जुळल्यामुळे एक उघडी जागा राहते. मराठी लेखनात तिला कोणी ‘छिद्र’ म्हणतात, कोणी ‘विवर’. छिद्र म्हटले की वर आलेल्या रंध्रांशी गोंधळ होतो आणि विवर म्हटले की हाडातून जाणारी नलिका डोळ्यांपुढे येते. मला ‘त्रिकफट’ योग्य वाटतो, कारण जे जुळायचे राहून गेले त्यालाच आपण फट म्हणतो.

लहान मुलांना हर्नियासारख्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना सुई याच फटीतून आत घालतात. लोक याला ‘माकडहाडात इंजेक्शन’ म्हणतात. शरीररचनेच्या दृष्टीने ते चूक आहे; तरी या भुलीच्या ‘कॉडल’ या इंग्रजी नावाच्या मुळाशीही शेपूटच असल्याने लोकांना फार दोष देता येत नाही. फटीचे वरचे टोक बहुधा त्रिकास्थीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर असते, पण काहींत ते बरेच वर सरकलेले असते, तर काहींत फट जवळजवळ बुजलेली असते. बुजलेली असली तर सुई आत जातच नाही. टोक वर असले तर चिंता अधिक, कारण मज्जारज्जूभोवतीची पिशवी मोठ्या माणसांत साधारण त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि सुई तिला लागू शकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘त्रिकीकरण’ आईला सांगून पाहिला. तिने त्याचाही अर्थ विचारला. शेवटी ‘कमरेचा खालचा मणका त्रिकास्थीला जुळलेला आहे’ असे लिहून दिले आणि तेवढ्याने तिचे समाधान झाले.