मदत हवी आहे : जीवन रक्षा पदकासाठी नाव कसं पाठवायचं?

नमस्कार मंडळी. मालाडच्या आमच्या चाळीतल्या एका रिक्षावाल्या दादांनी गेल्या पावसाळ्यात आक्सा बीचवर बुडणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलांना वाचवलं. भरती लागलेली, पायाखालची वाळू सरकत होती. एकाला किनाऱ्यावर आणून टाकलं आणि तसेच दुसऱ्यासाठी परत आत शिरले. त्या पोराने घाबरून अशी मिठी मारली की दादांच्या मानेवर नखांचे ओरखडे कितीतरी दिवस दिसत होते.

जीवन रक्षा पदक १९६१ पासून दिलं जातं. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन श्रेणी आहेत. साध्या नागरिकालाही मिळतं. शिफारस राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, आणि तीही घटनेपासून दोन वर्षांच्या आत, म्हणून घाई आहे.

उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात, वांद्र्याला, कुणी असा प्रस्ताव दिलाय का? पोलीस ठाण्यातली नोंद पुरते की साक्षीदारांचे लेखी जबाबही जोडायचे? मुलांचे आईवडील लिहून द्यायला तयार आहेत. दादा स्वतः कधीच मागणार नाहीत, पण हा मान त्यांचाच आहे. अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.