पेनड्राइव्हवरचा देवघेवीचा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर चालत नाही

वाचनालयताई:
आमच्या गावच्या वाचनालयात साडेचार हजार पुस्तकं आहेत, पण संगणक नाही. देवघेवीसाठी मी पायथॉन भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला, नोंदी एस्क्यूलाइटच्या डेटाबेस फाइलमध्ये राहतात. सभासद क्रमांक टाकला की घरी नेलेलं पुस्तक आणि परतीची तारीख दिसते. पेनड्राइव्ह घेऊन सकाळी ग्रामपंचायतीत बसते, संध्याकाळी शाळेत. दोन्हीकडे काही इन्स्टॉल करायची मुभा नाही, आणि ते बरोबरच आहे, संगणक त्यांचे आहेत.

पंचायतीत पायथॉनच नाही, म्हणून त्याची 'एम्बेडेबल' झिप (इन्स्टॉल न करता चालणारी छोटी आवृत्ती) पेनड्राइव्हवर उलगडली, तर टीकिंटर (खिडक्या-बटणं दाखवणारा भाग) सापडत नाही म्हणतो. शाळेत पायथॉन आहे, पण डेटाबेस उघडत नाही. घरी पेनड्राइव्ह 'ई' ड्राइव्ह म्हणून लागतो, कोडमध्ये पत्ताही तोच आहे, शाळेत 'ई' म्हणजे डीव्हीडी. चार दिवस वहीत नोंदी करतेय. मला परत वहीवर जायचं नाहीये. सातवीतल्या कोणत्या मुलीने काय काय वाचलं, हे या यादीमुळे पहिल्यांदा दिसायला लागलंय.

खिडकीप्रेमी:
ताई, एम्बेडेबल झिपमध्ये टीकिंटर नसतंच. विनपायथॉन घ्या, ते पूर्ण पायथॉन आहे आणि फोल्डरमधून थेट चालतं. किंवा घरी पायइन्स्टॉलर या साधनाने प्रोग्रामची ईएक्सई (वेगळं पायथॉन नसतानाही चालणारी फाइल) करा, पण 'वन-फाइल' म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेली नको. ती दरवेळी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते. डेटाबेसचा पत्ता चुकून तिथला लागला तर प्रोग्राम बंद होताच नोंदी गेल्या. 'वन-फोल्डर' ठेवा. कुठे विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८च्या पुढचं चालणार नाही.

जुनाजाणता:
ड्राइव्हचं अक्षर कोडमध्ये लिहूच नका. प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू झाला तो आधी शोधायचा आणि डेटाबेसचा पत्ता तिथून धरायचा. मग 'ई' असो की 'एच'. ईएक्सई केलीत तर ईएक्सईचा फोल्डर धरा.

आणि पेनड्राइव्ह ओढून काढता का? डेटाबेसशेजारी कधी 'जर्नल' शेपटीची फाइल उरलेली दिसली तर कचरा समजून पुसू नका. अर्धवट राहिलेली नोंद मागे घ्यायला एस्क्यूलाइटला तीच लागते.

वाचनालयताई:
ती फाइल मी मागच्या महिन्यात पुसली होती. त्यानंतरच तीन सभासदांच्या नोंदी विस्कटल्या, आणि मी माझा कोड शोधत बसले होते.

विनपायथॉन घेतलं, पत्ता फोल्डरावरून धरला. आज पंचायतीत चाललं, शाळेतही. सुरू व्हायला पाऊण मिनिट लागतं, एवढ्या बारीक फायली पेनड्राइव्हवरून वाचायच्या म्हणजे लागणारच. वहीतल्या एकसष्ट नोंदी आत्ता भरतेय.

जुनाजाणता:
भरून झाल्या की डेटाबेसची एक प्रत घरच्या संगणकावर टाका, आजच. पेनड्राइव्ह जाताना सांगून जात नाही.

वाचनालयताई:
टाकली. दुसरी प्रत मेलवर पाठवली.